केझियानं सांगितलेला मॅन्लियस

माझा धाकटा भाऊ थर्मन हेडमास्तर आहे आणि मी त्याच्याच शाळेत तिसरीला शिकवते. शाळेत तो मला मिस रेफिल्ड म्हणतो आणि मी त्याला सर म्हणते. लहानपणी त्याचं वाहतं नाक मी पुसलेलं आहे, तरी सर म्हणते. नियमांचं वेड आमच्या घराण्यात पिढीजात आहे आणि मलाही ते काही कमी नाही.

आमची शाळा लॉरेल गॅप या आमच्या डोंगरातल्या गावच्या चर्चच्या तळघरात भरते. रविवारी वर उपासना, सोमवार ते शुक्रवार खाली लॅटिन. सकाळची प्रार्थना झाली की तिसरीची पोरं बाकांशेजारी ताठ उभी राहतात आणि ‘अमो, अमास, अमात’ असा गजर सुरू करतात. वर बसलेले पाद्रीबुवा म्हणतात की त्यांच्या कपातली कॉफी थरथरते. मग पाढे, मग स्तोत्र, मग सृष्टीच्या उत्पत्तीपासून ओळीनं सगळे राजे आणि लढाया. सगळं तोंडपाठ आणि सगळं एका सुरात. बाहेरचे लोक मला विचारतात, एवढ्याशा पोरांना हे कशाला? मी सांगते, या वयाची पोरं काही ना काही पाठ करणारच. तुम्ही स्तोत्र दिलं नाहीत तर ती टीव्हीवरच्या जाहिराती पाठ करतील. मग जाहिरातच घोकत बसा आयुष्यभर.

पण माझा लाडका तास जेवणानंतरचा. त्याला आम्ही ‘सांगून दाखवणं’ म्हणतो. रोमच्या इतिहासातली एखादी गोष्ट मी वाचून दाखवते, ती एकदाच. कुणाचं लक्ष खिडकीबाहेरच्या खारीकडे गेलं असेल तर त्याचं नशीब. वाचून झालं की टेबलावरच्या बरणीत हात घालून मी आइस्क्रीमची एक काडी काढते. प्रत्येक काडीवर एकेका मुलाचं नाव आहे. ज्याचं नाव निघेल त्यानं फळ्यापाशी येऊन ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. तो बोलत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. तो चुकला तरी नाही, अडला तरी नाही. त्यानं ‘संपली’ म्हटल्यावर बाकीच्यांनी हात वर करून सांगायचं, काय राहिलं आणि काय पदरचं घातलं.

हा नियम थर्मनचाच. त्यानं तो स्वतःच्या हातानं पाटीवर रंगवून माझ्या फळ्यावर टांगला आहे: ‘सांगणाऱ्याला कुणीही थांबवू नये.’ मागच्या वर्षी पाद्रीबुवा तासाला येऊन बसले होते. एक पोरगा हॅनिबलचे हत्ती समुद्रात बुडवायला निघाला तेव्हा ते न राहवून म्हणाले, “अरे बाळा, समुद्र नव्हे, डोंगर.” थर्मन मागच्या खुर्चीवरून उठला, पाटीकडे बोट केलं आणि म्हणाला, “पाद्रीबुवा, कुणीही म्हणजे कुणीही.” हत्ती बुडाले.

असा आमचा थर्मन. त्याच्या शब्दाला धार आहे आणि ती धार तो आधी स्वतःवर चालवतो, हे मला मान्यच करायला हवं. त्याला फी माफ नाही, त्याची सुट्टी जास्त नाही, त्याच्या मुलांना सवलत नाही. मुलं दोन. थोरला टायटस अठरा वर्षांचा आणि धाकटी केझिया माझ्याच वर्गात.

टायटस फेब्रुवारीपासून घरी नव्हता.

झालं होतं असं. शाळेच्या वरच्या वर्गांत उंच म्हणावीत अशी पाचच पोरं. त्या पाचांची बास्केटबॉलची टीम, टायटस कॅप्टन आणि थर्मन कोच. डोंगरपट्ट्यातल्या शाळांच्या स्पर्धेत ही टीम कधी दुसऱ्या फेरीपलीकडे गेली नव्हती, पण यंदा फायनलला पोचली. फायनल शनिवारी होती. शुक्रवारी रात्री बर्फ पडला, रस्ते बंद झाले आणि आयोजकांनी सामना रविवारी दुपारी ठेवला. थर्मननं पोरांना बोलावून सांगितलं, “रविवार प्रभूचा. आपण खेळणार नाही. कप त्यांना जाऊ दे. मैदानात कुणी पाऊल टाकायचं नाही.”

पोरं “येस सर” म्हणाली आणि रविवारी उपासनेनंतर टायटसच्या मागोमाग गेली. खेळली आणि जिंकली. संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना टायटस आला. गाल लाल झालेले, अंगात अजून तोच घामेजलेला शर्ट. त्यानं तो कप बापाच्या ताटासमोर ठेवला. “बाबा, बघा,” एवढंच म्हणाला.

थर्मननं तोंड फिरवलं. “ते माझ्या टेबलावरून उचल.”

दुसऱ्या दिवशी बाकीच्या चौघांनी सगळ्या शाळेसमोर उभं राहून माफी मागितली. टायटस उभा राहिला नाही. घरी येऊन म्हणाला, “बाबा, तुमचं ऐकलं नाही हे चुकलं. इथं, तुम्हाला सांगतो. पण शाळेत सगळ्यांसमोर नाही सांगणार. तिथं तुम्ही माझे बाबा नसता.”

“चौघांना एक नियम आणि माझ्या मुलाला दुसरा, असं नाही चालत,” थर्मन म्हणाला. “सांगत नाहीस तोवर या घरात तुझं ताट मांडलं जाणार नाही.”

टायटसनं कप उचलला, कपड्यांची पिशवी उचलली आणि डोंगरापलीकडे मामाकडे गेला. ऑर्विल मामाचं टायरचं दुकान आहे. तिथं तो पंक्चर काढतो आणि मागच्या खोलीत झोपतो. माझी भावजय नेल्डा दर बुधवारी त्याला ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल नेऊन देते. नवऱ्याला सांगून नेते. तो “बरं” म्हणतो. जेवणाच्या टेबलाशी टायटसची खुर्ची अजून आहे आणि एकदा मी तिच्यावर माझी पर्स ठेवली तर थर्मननं ती उचलून जमिनीवर ठेवली. दोघं बापलेक एकाच मातीचे. मी हात टेकले होते.

मला खरी काळजी होती ती केझीची. मी त्यांच्या मागच्या अंगणातल्या छोट्या घरात राहते आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच असतं, त्यामुळे मला सगळं दिसतं. पूर्वी थर्मनच्या ट्रकची चाकं खडीवर करकरली की ही पोरगी असेल तिथून सुटायची. जाळीचं दार धाडकन आपटायचं, नेल्डा ओरडायची, “अगं दार!” आणि तोवर केझी बापाच्या कमरेला मिठी मारून लोंबकळत असायची. थर्मनसारखा माणूस दिवसातून एकदा हसायचा तो तेव्हा. टायटस गेल्यापासून ट्रक वाजला की ती उलटी वर जाते. थर्मन हॅट खुंटीला लावत विचारतो, “केझी कुठेय?” नेल्डा म्हणते, “वर. अभ्यास करतेय.” तो म्हणतो, “छान.”

आता एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला कळू नये? पण नाही कळलं.

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे पालकांचा दिवस असतो. आईबाप, आजी-आजोबा येऊन वर्गात मागे बसतात. त्या आठवड्याचा धडा काढला आणि पुस्तक तसंच मिटलं. सेनापती मॅन्लियस आणि त्याचा मुलगा. त्या मुलाचं नाव टायटस. मी तडक थर्मनच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सर-बिर सगळं बाजूला ठेवलं.

“थर्मन, शुक्रवारी मॅन्लियस येतोय.”

“मग?”

“मी दुसरी गोष्ट घेते. हंसांनी किल्ला वाचवल्याची घेते. पोरांना हंस आवडतात.”

“हंस झाले जानेवारीत.” त्यानं वरही पाहिलं नाही. “मॅन्लियस चांगला आहे. आज्ञापालनासाठी त्याच्यासारखी गोष्ट नाही. दरवर्षी मी स्वतः सकाळच्या प्रार्थनेला सांगतो.”

“अरे, त्या मुलाचं नाव टायटस आहे!”

“माझ्या मुलाचं नाव काय आहे ते मला माहितीय, ताई.” आता त्यानं पेन खाली ठेवलं. “पण माझ्या घरात कटकट झाली म्हणून अभ्यासक्रम बदलायचा? मग उद्या ओगल कुटुंबात झाली की त्यांच्यासाठी बदलू? मॅन्लियसच घे. मी स्वतः येऊन बसतो.”

“ये. नक्की ये,” मी म्हटलं आणि दार जरा जोरातच लावलं. हट्टी माणसाला समजवायला जाऊन माझंच डोकं दुखतं.

शुक्रवारी तळघर भरून गेलं. मागच्या भिंतीलगत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नेल्डा कोपऱ्यात बसली होती, आणि दाराजवळ हॅट गुडघ्यावर ठेवून, पाठ ताठ करून थर्मन. पोरांनी लॅटिन म्हटलं, पाढे म्हटले, आज्या डोळे पुसायला लागल्या. मग मी पुस्तक उघडलं.

टायटस हे नाव आलं तसा वर्गात खुसखुस आवाज झाला आणि सगळी डोकी केझीकडे वळली. ती सरळ माझ्याकडे बघत होती. हातांची घडी, पाय जुळवलेले, वेणी घट्ट. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि बरणीत हात घातला. काडी काढली. केझिया.

कुणाला वाटत असेल मी मुद्दाम काढली, तर वाटो. काडी आपसूक आली. ती परत टाकून दुसरी काढणं मात्र माझ्या हातात होतं. मागे नेल्डा मान हलवून नको नको म्हणत होती. मी मोठ्यानं म्हटलं, “केझिया रेफिल्ड.”

ती फळ्यापाशी आली. तिचा आवाज बारीक आहे पण ठाम आहे, बापाचा आहे.

“मॅन्लियस रोमचा सेनापती होता. तो शूर होता आणि खूप म्हणजे खूपच कडक होता. लढाई चालू होती तेव्हा त्यानं हुकूम काढला. रांग सोडून कुणी जायचं नाही, एकट्यानं लढायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही. त्याचा एक मुलगा होता. टायटस.”

पहिल्या बाकावरच्या बून हस्कीनं शेजाऱ्याला कोपर मारलं. मी बूनकडे पाहिलं. त्यानं कोपर आत घेतलं.

“टायटस घोड्यावर बसून टेहळणीला गेला. तिथं त्याला शत्रूकडचा एक माणूस भेटला. तो चिडवायला लागला. ‘काय रे, घाबरलास? ये की! का बाबांना विचारून येतोस?’ टायटसला राग आला. आणि लाज वाटली. मग तो हुकूम विसरला.” ती थांबली. “नाही, विसरला नाही. त्याला आठवत होता, तरी पण तो गेला. आणि जिंकला. त्यानं त्या माणसाची ढाल आणि भाला गोळा केला आणि पळत पळत बाबांच्या तंबूत आला. त्याला वाटलं, बाबांना किती आनंद होईल. तो म्हणाला, ‘बाबा, बघा.’ आणि बाबांनी तोंड फिरवलं.”

वाफेच्या पाइपमध्ये ठक ठक आवाज झाला.

“मग बाबांनी तुतारी वाजवायला लावली. सगळं सैन्य गोळा झालं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, तू शूर आहेस, मला तुझा अभिमान वाटतो. पण तू हुकूम मोडलास. मुलगा असलास म्हणून काय झालं, हुकूम सगळ्यांना सारखा. आणि त्यांनी टायटसला मारायला सांगितलं. आणि मारलं.” तिनं वेणी मागे टाकली. “त्यानंतर सगळे सैनिक हुकूम पाळायला लागले. आणि रोम लढाई जिंकलं.”

मागे थर्मननं श्वास सोडलेला मला दिसला. त्याच्या हाताची बोटं हॅटवरून सैल झाली. त्याचं कारण मला माहीत होतं. दरवर्षी प्रार्थनेला तो ही गोष्ट इथंच संपवतो. लढाई जिंकली, आज्ञापालनाचं महत्त्व, डोकी झुकवा, आमेन. पण केझीनं ‘संपली’ म्हटलं नव्हतं, आणि पुस्तकातला धडाही तिथं संपत नाही.

“मग मॅन्लियस घरी आला,” ती म्हणाली. “रोमला. वेशीपाशी म्हातारे लोक त्याला घ्यायला आले. तरुण माणसं कुणीच आली नाहीत. त्या दिवशी पण नाही, आणि नंतर कधीच नाही. तो अगदी म्हातारा झाला तोपर्यंत नाही.”

धडा इथं संपला. केझीचं संपलं नाही.

“त्याला एक मुलगी पण होती. लहान. आधी तो आला की ती दारात पळत जायची. तिला घोड्याचा आवाज लांबूनच कळायचा. आता आवाज आला की ती वर जाते. बाबा विचारतात, ‘कुठेय ती?’ आई म्हणते, ‘अभ्यास करतेय.’ ती अभ्यास नाही करत. ती पलंगावर नुसती बसते. आणि बाबा म्हणतात, ‘छान.’”

थर्मन अर्धवट उठला. त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. तो रागावला होता की घाबरला होता ते मला आजही सांगता येणार नाही. त्याची नजर माझ्या डोक्यावरच्या पाटीवर गेली. त्याच्याच हातची अक्षरं, त्याच्याच हातचा निळा रंग. खुर्ची करकरली आणि तो परत खाली बसला. त्या क्षणी मला त्याची फार माया आली. दुसरा कुणी असता तर “बस झालं” म्हणून मोकळा झाला असता.

केझीचे हात आता फ्रॉकची शिवण चिमटीत धरत होते. “तिला खाली जावंसं वाटतं. रोज वाटतं. पण ती गेली तर टायटसला वाटेल की सगळे त्याला विसरले. म्हणून ती जात नाही.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “संपली, मॅम.”

मी काय करायला हवं होतं? नेल्डा रुमालात तोंड लपवून बसली होती. पालक आपापल्या बुटांकडे बघत होते. लॉरेल गॅपमध्ये टायटस रेफिल्ड कुठे राहतो हे माहीत नसलेला माणूस नाही. मी तेच केलं जे रोज करते. “काय राहिलं?” मी विचारलं.

एका मुलीनं सांगितलं, शत्रूचा घोडा उधळला ते राहिलं. बरोबर.

“काय पदरचं घातलं?”

बूनचा हात केव्हापासून वर होता. तो जवळजवळ बाकावर चढला होता. “मॅम, मुलगी! पुस्तकात मुलगीबिलगी काही नव्हतं! मी नीट ऐकत होतो. आणि पलंगाचं पण नव्हतं. आणि मॅन्लियस ‘छान’ कधी म्हणाला? म्हणालाच नाही!”

“बरोबर आहे, बून. खाली बस.”

केझी मान खाली घालून उभी होती. कान लाल झाले होते. आणि मग मागून एक हात वर आला. दंडापासून सरळ, पोरं करतात तसा. सगळा वर्ग माना वळवून बघायला लागला.

“बोला, सर,” मी म्हटलं.

थर्मन उभा राहिला. हॅट त्यानं दोन्ही हातांत धरली होती. “मिस रेफिल्ड, ती मुलगी पदरची नाही.” त्यानं हॅट एकदा फिरवली. “मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो. मॅन्लियस घरी येतो तिथवर मी कधी सांगतच नाही. लढाई जिंकली की थांबतो. तेव्हा, राहिलं असेल तर ते माझ्याकडून राहिलं. तिनं बरोबर सांगितली.”

बूनला हे पटण्यासारखं नव्हतं. “म्हणजे सरांचे मार्क कापायचे?”

“बून!” त्याची आई मागून दबक्या आवाजात ओरडली.

“काप,” थर्मन म्हणाला. “काप बाळा, काप.” आणि तो दार उघडून बाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग पार्किंगमधून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. केझीनं कान टवकारले आणि माझ्याकडे घाबरून पाहिलं.

“मॅम, बाबा... सर रागावले?”

“जागेवर जाऊन बस,” मी म्हटलं. “छान सांगितलीस.” आणि छान हा शब्द तोंडातून गेल्यावर मला स्वतःचाच राग आला, म्हणून मी तिला जवळ घेऊन डोक्याचा मुका घेतला. वर्गात असलं काही करायचं नाही असा नियम आहे. असो.

संध्याकाळी नेल्डा आणि मी त्यांच्या पुढच्या ओसरीवर वाटाणे सोलत बसलो होतो. ऊन उतरलं होतं. समोरच्या डोंगरावर झाडांना नुकती पालवी फुटली होती. केझी शाळेतून आल्या आल्या वर गेली होती.

“थर्मनचा काही फोनबिन?” मी विचारलं.

“नाही. दुपारची शिक्षकांची मीटिंग पण रद्द केली म्हणे. आजवर कधी केली नव्हती.” नेल्डा शेंगा बोटांनी अशी फोडत होती की दाणे अंगणात उडत होते. “लेटाताई, तुम्ही ती काडी परत टाकायला हवी होती.”

“हवी होती का?”

तिनं आणखी एक शेंग फोडली. “नाही,” ती म्हणाली. “पण माझा जीव गेला असता तिथं.”

“तू का नाही बोललीस त्याला इतके दिवस?”

“बोलले की! रोज बोलले. रात्री बोलले, सकाळी बोलले. ते ऐकून घेतात, शांतपणे. मग म्हणतात, ‘नेल्डा, चौघांना काय सांगू?’” तिनं नाक ओढलं. “त्याला मी काय उत्तर देऊ? मला लॅटिन येत नाही.”

मला हसू आलं आणि तीही हसली, ओले डोळे घेऊन. वाटाण्यांचं पातेलं अर्धं झालं होतं तेव्हा खडीवर चाकं करकरली.

ट्रक येऊन नेहमीच्या जागी थांबला. इंजिन बंद झालं. आत दोन डोकी होती. नेल्डाच्या मांडीवरचं पातेलं कलंडलं आणि वाटाणे ओसरीभर घरंगळले, पण आम्ही दोघींपैकी कुणी वाकलं नाही. बराच वेळ ट्रकमधून कुणी उतरलंच नाही. काचेतून दिसत होतं, थर्मन समोर बघत काहीतरी बोलत होता आणि टायटस मान हलवत होता. मग टायटस काहीतरी बोलला आणि थर्मननं मान हलवली.

आधी थर्मन उतरला. हातात तो कप होता. त्यानं तो असा धरला होता, जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं बाळ धरावं. टायटस पलीकडच्या दारानं उतरून तिथंच ट्रकला टेकून उभा राहिला. हातांना काळं लागलेलं, केस वाढलेले. बारीक झाला होता पोरगा.

“ताई, हे बघ,” थर्मन पायरीपाशी येऊन म्हणाला. “शाळेचं नाव कोरलंय यावर. खाली पाचही पोरांची नावं आहेत.”

“तू आधी बघितलं नव्हतंस?”

“नाही.” त्यानं अंगठ्यानं त्या अक्षरांवरची धूळ पुसली. “मी याला म्हटलं, कप दाखव. तर म्हणाला, तुम्ही टेबलावरून उचलायला लावला होतात. म्हटलं, आता परत ठेव.”

“आणि माफीचं काय?” मला विचारल्याशिवाय राहवेना. नेल्डानं माझा हात दाबला.

“मागितली,” टायटस ट्रकपाशी उभा राहूनच म्हणाला. “मामाच्या दुकानात. टायरच्या ढिगापाशी.”

“आणि मीही मागितली,” थर्मन म्हणाला. “चौघांना सोमवारी काय सांगायचं ते बघतो. तेही माझंच काम आहे.” मग त्याची मान परत ताठ झाली, तो पुन्हा हेडमास्तर झाला. “रविवारी खेळायचं नाही ते नाहीच हं. ते काही बदललेलं नाही.”

“माहितीय, बाबा,” टायटस म्हणाला.

नेल्डा पायऱ्या उतरायला लागली होती, मी कप कुठे ठेवायचा हे सांगणार होते. थर्मन मात्र आमच्याकडे बघतच नव्हता. तो वरच्या खिडकीकडे बघत होता. पडदा हलला होता का नव्हता, मला दिसलं नाही. त्यानं हॅट काढली. आज त्यानं ‘केझी कुठेय’ असं विचारलं नाही. नुसता अंगणात उभा राहिला, हातात कप घेऊन, वर बघत.

जिन्यावर धडधड पावलं वाजली. जाळीचं दार इतक्या जोरात आपटलं की वरच्या बिजागरीचा एक स्क्रू निघून माझ्या पायाशी पडला. कुणी “अगं दार” म्हटलं नाही. केझी वाटाण्यांवरून घसरत, सावरत, आईला वळसा घालून गेली. टायटसनं हात पसरले होते, पण ती त्याच्याजवळून सरळ पुढे गेली आणि तिनं बापाच्या कमरेला मिठी मारली.

“ए, मी इकडे आहे!” टायटस ओरडला, हसत.

तिनं मान वळवली नाही. थर्मनला तिला उचलायचं होतं, पण एका हातात कप होता आणि दुसऱ्यात हॅट, आणि ते दोन्ही कुठे ठेवावं हे त्या हुशार माणसाला काही केल्या कळत नव्हतं.